सतरा फेऱ्या आणि वीस जागा

मंडळी, गावातली एखादी जमीन नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिलेली असते. देणारा जातो, घेणारा जातो, त्यांची मुलेही जातात. त्या जमिनीवर घरे उठतात, विहिरी होतात, बाजार भरू लागतो. आणि मग एके दिवशी कोणीतरी जुन्या पेटीतला कागद काढून बघतो, तर मुदत अवघ्या पंधरा-वीस वर्षांवर आलेली! आता जमीन कोणाची, घरे कोणाची, आणि मुख्य म्हणजे त्या घरांत राहणाऱ्यांना कोणी काही विचारणार की नाही? आज मी तुम्हाला अशाच एका पट्ट्याची हकीकत सांगणार आहे. फरक इतकाच की, हा पट्टा एका शहराचा होता. देणारा चीन, घेणारा इंग्रज, आणि घरांत राहणारी माणसे सुमारे साठ लाख.

ते शहर म्हणजे हाँगकाँग. माळव्यात पिकलेली अफू आपल्या मुंबई बंदरातून चीनला जात असे. चिनी सरकारने अफूचा व्यापार अडवला म्हणून इंग्रजांनी तोफा डागल्या, आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँगचे बेट घेतले. १८६० साली समोरचा कौलूनचा तुकडा घेतला. हे दोन्ही कायमचे. त्यामागचा डोंगराळ मुलूख आणि आसपासची बेटे मात्र १८९८ साली पट्ट्याने घेतली, आणि तो पट्टा ३० जून १९९७ ला संपत होता. कागदावर बोट ठेवून भांडायचे तर बेट आणि कौलून इंग्रजांना ठेवता आले असते. पण बहुतेक सगळे क्षेत्र पट्ट्याच्या बाजूला, आणि प्यायचे पाणीसुद्धा बरेचसे चीनकडून येणारे. ओटा आपला ठेवून घर परत करावे, तसे ते झाले असते.

१९८२ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला गेल्या. डेंग झियाओपिंग यांनी त्यांना स्वच्छ सांगितले की, सार्वभौमत्व हा बोलण्याचा विषयच नाही, राहिलेले बोला. त्या भेटीनंतर सभागृहाच्या पायऱ्या उतरताना थॅचरबाईंचा तोल गेला. ते चित्र हाँगकाँगच्या लोकांनी दूरदर्शन-संचावर पाहिले आणि त्याचा जो काय अर्थ लावायचा तो लावला. पुढे दोन वर्षे घासाघीस होऊन १९ डिसेंबर १९८४ रोजी दोन्ही सरकारांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. १९९७ ला हाँगकाँग चीनला परत जाईल, पण तिथले कायदे, व्यापार आणि राहणी पुढे पन्नास वर्षे तशीच चालेल, असे ठरले. आणि त्यात एक वाक्य असे होते की, तिथले विधिमंडळ निवडणुकांनी बनेल.

निवडणुकांनी! पण कोणत्या निवडणुका? मत कोणाला, कसे, किती? ते त्या वाक्यात नव्हते. मंडळी, पुढची सगळी भानगड त्या न लिहिलेल्या भागातून निघाली.

इथे इंग्रजांच्या पदरातही काही घातले पाहिजे. हाँगकाँगमध्ये विधिमंडळ १८४३ पासून होते, पण त्यात बसणारे सरकारी अधिकारी आणि गव्हर्नरने नेमलेले व्यापारी. १९४६ साली गव्हर्नर मार्क यंग यांनी लोकांनी निवडलेली नगरपरिषद करण्याची योजना पुढे मांडली होती. ती सहा वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरली आणि १९५२ मध्ये गुंडाळून ठेवली गेली. विधिमंडळात पहिले निवडलेले सभासद बसले ते १९८५ साली, म्हणजे जायचा करार झाल्यावर. तेही चोवीसच, आणि सामान्य माणसाने थेट मत देऊन निवडलेला त्यांत एकही नाही. आपल्याकडे याला वरातीमागून घोडे म्हणतात.

मग हे चोवीस आले कुठून? निम्मे स्थानिक मंडळांकडून आणि निम्मे धंद्यांकडून. ही धंद्यांची तऱ्हा नीट समजून घ्या, कारण पुढे त्यावरच घोडे अडले. गुरुजी मंडळींना ती चटकन कळेल. आपल्या विधान परिषदेत सात जागा शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या आहेत ना? तिथे माणूस गावाचा रहिवासी एवढ्यावर मत देत नाही, शिक्षक म्हणून किंवा पदवीधर म्हणून देतो. त्याहून मागे गेलात तर इंग्रजी अमलात १९१९ च्या कायद्याखाली जे मुंबईचे विधिमंडळ बनले, त्यात व्यापारी मंडळाची जागा होती, गिरणीमालकांची होती, दख्खनच्या सरदार-इनामदारांचीही होती. इंग्रजांची ही जुनी खोड आहे. हाँगकाँगमध्ये त्यांनी तेच केले. वकिलांचा एक, डॉक्टरांचा एक, शिक्षकांचा एक, बँकांचा एक, व्यापारी मंडळांचे काही. यातल्या शिक्षकांच्या जागेवर निवडून आले सेटो वाह. हे प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक आणि शिक्षक-संघटनेचे पुढारी. वकिलांच्या जागेवर आले मार्टिन ली. ही दोन नावे ध्यानात असू द्या.

पण शिक्षकांची जागा आणि बँकांची जागा यांत एक मोठा फरक होता. शिक्षकांच्या जागेला हजारो शिक्षक एकेक मत देत. बँकांच्या जागेला माणूस मत देत नसे, बँक देत असे. एक संस्था, एक मत. बँकेत कारकून चारशे असोत की चार हजार, त्यांना त्यात काही नाही. मत टाकायचे ते मालकांनी ठरवलेल्या एका हाताने. त्यामुळे काही मतदारसंघांत इतके थोडे मतदार असत की, सगळ्यांना एका लग्नाच्या पंगतीत बसवता यावे.

१९८९ च्या जूनमध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात रणगाडे आले. हाँगकाँगमध्ये लाखो माणसे रस्त्यावर उतरली. जे उद्या आपले राज्यकर्ते होणार ते असे वागतात, हे त्यांनी पाहिले, आणि त्यांची झोप उडाली. मतपेटीचा प्रश्न तोपर्यंत शिकल्यासवरल्यांचा होता, तो आता घराघरात शिरला. मार्टिन ली आणि सेटो वाह हे तोपर्यंत चीनने नेमलेल्या घटना-मसुदा समितीत होते. ते त्यातून गेले, आणि चीनच्या लेखी दोघेही उपद्रवी ठरले.

दुसरीकडे इंग्लंड आणि चीन यांचे परराष्ट्रमंत्री, डग्लस हर्ड आणि चियान चिचेन, यांच्यात १९९० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात पत्रांची देवाणघेवाण झाली. जागांचा हिशेब त्यांनी असा जुळवला : १९९१ ला थेट निवडलेल्या जागा अठरा, आणि १९९७ ला साठांपैकी वीस. त्या एप्रिलमध्ये चीनने हाँगकाँगचा मूलभूत कायदा संमत केला, तेव्हा साठांची वाटणी ठरली. वीस लोकांनी थेट निवडायचे, तीस धंदेवाईक मतदारसंघांतून यायचे, आणि दहा एका निवड-समितीने द्यायचे. शिवाय असेही ठरले की, १९९५ साली जे विधिमंडळ निवडले जाईल, ते अटी पाळत असेल तर १९९७ ची मध्यरात्र ओलांडून १९९९ पर्यंत चालेल. हाँगकाँगहून कँटनला जाणारी एक थेट गाडी असे, हद्दीवर ती बदलावी लागत नसे. म्हणून लोक या व्यवस्थेला ‘थेट गाडी’ म्हणू लागले. इंग्रजी राज्यात चढायचे, चिनी राज्यात उतरायचे.

१९९१ मध्ये पहिल्यांदा अठरा जागांसाठी लोकांनी थेट मते टाकली. मार्टिन ली यांच्या पक्षाने त्यातल्या बारा घेतल्या. म्हणजे चीनला जे डब्यात नको होते, तेच सर्वांत आधी खिडकीपाशी येऊन बसले.

अशा वेळी क्रिस पॅटन आले. आधीचे बरेच गव्हर्नर वसाहत-खात्यातले किंवा परराष्ट्र-खात्यातले मुरलेले अधिकारी. हे गृहस्थ निवडणुकीच्या राजकारणातले. १९९२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात त्यांचा पक्ष जिंकला, आणि पक्षाचे अध्यक्ष असून ते स्वतः मात्र बाथ शहरातून पडले. जुलैत ते हाँगकाँगला उतरले. गव्हर्नरचा दरबारी पोशाख आणि पिसांची टोपी त्यांनी घातली नाही. रस्त्यातून चालत हिंडावे, दुकानात शिरावे, माणसांशी हस्तांदोलन करावे, अशी त्यांची रीत. लोकांना ते आवडले. पडलेल्या उमेदवाराने लोकशाही शिकवायला यावे, हा विनोदही अर्थातच झाला.

७ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनी आपली योजना मांडली. तिची खुबी पाहा. वीस जागांचा आकडा त्यांनी वाढवला नाही. तीस आणि दहा हेही तसेच ठेवले. कराराच्या अक्षराला कुठे हात लावला नाही. मग केले काय? अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागा भरल्या. मताचे वय एकवीसचे अठरा केले. (आपल्याकडे हे १९८९ मध्ये झाले होते, आणि चीनमध्येही अठराच होते.) थेट निवडणुकीत एका मतदारसंघातून एकच सभासद आणि मतदाराला एकच मत, असा नियम सुचवला. स्थानिक मंडळांत सरकारने माणसे नेमायची पद्धत बंद करायचे म्हटले. आणि खरा डाव तीस धंदेवाईक जागांत. त्यांतल्या नऊ जागा नव्याने भरायच्या होत्या. पॅटन म्हणाले, या नऊ जागा अशा आखू की हाँगकाँगात नोकरीधंदा करणारा प्रत्येक माणूस, सुमारे सत्तावीस लाख लोक, कुठल्या ना कुठल्या धंद्यात बसेल. शिंपीकाम करणारी बाई कापड-धंद्यात, हमाल वाहतुकीत, वाढपी हॉटेल-धंद्यात. आणि जुन्या जागांतही संस्थेऐवजी माणसे मत देतील. म्हणजे प्रत्येकाला दोन मते झाली, एक राहत्या घराचे आणि एक कामाच्या जागेचे. राहिलेल्या दहांसाठीची निवड-समिती स्थानिक मंडळांवर लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांची करायची.

माझे विचाराल तर ही कल्पना हुशारीची होती, पण सरळ नव्हती. धंदेवाईक जागा निर्माण करणाऱ्यांच्या मनात मूठभर प्रतिष्ठितांचा कट्टा होता, तो त्यांनी न मोडता असा ताणला की त्याचे मैदान झाले. शब्द तोच, अर्थ उलटा. आणि हे चीनशी आधी न बोलता जाहीर केले. ज्यांनी १९८४ चा करार घडवला त्या पर्सी क्रॅडॉक यांच्यासारख्या जुन्या इंग्रज मुत्सद्द्यांनीसुद्धा पॅटनवर उघड टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, चीनला न विचारता जे बांधाल ते १९९७ नंतर चीन पाडेल, मग लोकांच्या हाती काय राहील? उलट पॅटन यांच्या बाजूचे म्हणत की, विचारून विचारून इतकी वर्षे घालवली, आता निदान एक निवडणूक तरी नीट होऊ द्या. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे. ऐकणाऱ्याने स्वतःला त्या कापड-कारखान्यातल्या बाईच्या जागी ठेवून तोलावे.

चीन भडकला. पॅटन यांनी संयुक्त जाहीरनामा मोडला, मूलभूत कायदा मोडला आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या पत्रांतला समझोता मोडला, असे तीन आरोप ठेवले. ती सात पत्रे तोपर्यंत गुप्त होती. ती ऑक्टोबर अखेरीस छापली गेली, आणि हाँगकाँगच्या लोकांना पहिल्यांदा कळले की, आपल्या जागांचा हिशेब दोन परक्या कचेऱ्यांत पत्राने झाला होता. नोव्हेंबरच्या शेवटी चीनने बजावले की, आमच्या संमतीवाचून केलेली कंत्राटे १९९७ नंतर मानणार नाही. शेअर बाजार घसरला. हाँगकाँगचे काम पाहणारे चिनी अधिकारी लू पिंग यांनी पुढच्या मार्चमध्ये पॅटन यांना ‘हजार वर्षांचा पापी’ म्हटले. तिथल्या भाषेत ही फार जड शिवी आहे. हजार पिढ्यांनी ज्याच्या नावाने बोटे मोडावीत असा, हा तिचा भाव.

इतके झाल्यावरही शेवटी दोघे बोलायला बसले. २२ एप्रिल १९९३ ला पहिली फेरी झाली आणि २७ नोव्हेंबरला सतरावी. जागा बीजिंग. इंग्लंडच्या बाजूने तिथले राजदूत रॉबिन मॅकलॅरन आणि चीनच्या बाजूने उपपरराष्ट्रमंत्री जियांग एनझू. चर्चा गुप्त. दर फेरीनंतर वार्ताहर दाराशी उभे राहत आणि दोन्हीकडून चार गुळमुळीत वाक्ये हाती येत.

पण बोलणी सुरू होण्यापूर्वीच कशावर अडली होती, ठाऊक आहे? खुर्चीवर. हाँगकाँग सरकारचे अधिकारी इंग्रज बाजूला बसणार होते. चीनचे म्हणणे, बसा, पण हाँगकाँगचे म्हणून नाही. ही बोलणी दोन सार्वभौम राष्ट्रांची आहेत, तिवईला तीन पाय असतील, आमच्या टेबलाला नाहीत. ‘तीन पायांची तिवई’ हे शब्द चिनी बाजू फार आधीपासून वापरत असे. आणि गंमत म्हणजे इंग्रजांनाही या तिसऱ्या पायाची फारशी ओढ होती असे नाही. १९८४ चा करार झाला तेव्हाही हाँगकाँगच्या लोकांपुढे तयार मसुदा ठेवून, घ्या नाहीतर सोडा, असेच सांगण्यात आले होते. कोणी मत द्यायचे हे ठरवण्यासाठी सतरा वेळा माणसे भेटली, आणि ज्यांच्या मताचा प्रश्न त्यांच्या नावाची खुर्ची त्या खोलीत नव्हती.

याच तिसऱ्या पायात आपलीही काही माणसे होती, हे सांगायला हरकत नाही. मुंबईचे पारशी व्यापारी हाँगकाँगला पहिल्यापासून आहेत. तिथले विद्यापीठ उभे राहिले त्यात मुंबईत जन्मलेल्या होरमसजी मोदी यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. पुढे सिंधी, शीख, गुजराती असे हजारो लोक तिथलेच झाले. चीन नागरिकत्व देणार ते चिनी वंशाच्यांना. इंग्रजी पासपोर्ट होता तो इंग्लंडात राहण्याचा हक्क न देणारा. म्हणजे १ जुलै १९९७ ला ही मंडळी कोणाचीच राहिली नसती. १९९७ च्या आरंभी इंग्लंडच्या पार्लमेंटने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, तेव्हा कुठे तो घोर मिटला.

आता बोलण्यांकडे वळू. कशावर जमले आणि कशावर नाही? मताचे वय अठरा, हे जमण्यासारखे होते. स्थानिक मंडळांसाठी एक जागा, एक मत, हेही चीन मानायला तयार झाला. इंग्रजांनीही पाय मागे घेतला. नव्या नऊ जागांचे मतदार बरेच कमी करायची आणि निवड-समितीचा आराखडा चीनच्या कल्पनेच्या जवळ न्यायची तयारी त्यांनी दाखवली. पण स्थानिक मंडळांचा तोच एक मताचा नियम विधिमंडळालाही आत्ताच लावा, हे चीनला मान्य नव्हते. ते नंतर बघू, असे त्यांचे उत्तर. नेमलेल्या सभासदांची पद्धत कायमची बंद करायची, हेही नको. आणि या सगळ्याखाली एक प्रश्न दबा धरून बसला होता, तो म्हणजे थेट गाडीत बसलेल्या माणसाला हद्दीवर उतरवायचे की नाही हे कोण ठरवणार? इंग्रज म्हणत, कसोटी आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे उमेदवाराला आणि मतदाराला आधी कळेल. चीन म्हणे, जो मूलभूत कायद्याला विरोध करतो त्याला आम्ही कसे चालवून घेऊ? नावे कोणी घेत नव्हते. पण मार्टिन ली आणि सेटो वाह त्या गाडीत नसावेत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वेळही संपत आला होता. १९९४ च्या सप्टेंबरात स्थानिक निवडणुका होत्या. त्यासाठी कायदा हवा, मतदारयाद्या हव्यात. सतराव्या फेरीनंतर तारीख ठरली नाही. डिसेंबरात पॅटन यांनी विधेयकाचा पहिला, सोपा भाग विधिमंडळात आणला. चीन म्हणाला, बोलणी तुम्ही मोडलीत. तो भाग फेब्रुवारीत संमत झाला. त्याच सुमारास इंग्लंडने बोलण्यांचा वृत्तांत छापला, आणि चीनने आपला छापला. दोन्ही वाचले तर वाटते, एकाच खोलीत दोन वेगळ्या सभा झाल्या.

दुसरा, अवघड भाग २९ जून १९९४ ला चर्चेला आला. ती चर्चा रात्रभर चालली. व्यापाऱ्यांच्या बाजूच्या पक्षाने योजना बरीच सौम्य करणारी दुरुस्ती आणली होती, ती एका मताने पडली. अठ्ठावीस विरुद्ध एकोणतीस. ३० जूनला पॅटन यांचे विधेयक बत्तीस विरुद्ध चोवीस मतांनी पास झाले. त्याच सभेत एमिली लाउ नावाच्या, पूर्वी वार्ताहर असलेल्या सभासद-बाईंनी आपले स्वतःचे विधेयक मांडले होते. साठच्या साठ जागा लोकांनी थेट निवडाव्यात, हिशेब संपला. तेही एकाच मताने पडले. वीस विरुद्ध एकवीस. हे मी मुद्दाम सांगतो. दोन राष्ट्रे वर्षभर वीस जागांच्या आसपास घुटमळत होती, आणि त्या तिसऱ्या पायाने पहिल्यांदा हात वर केला तेव्हा साठांना फक्त एक मत कमी पडले.

३१ ऑगस्टला चीनच्या राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीने जाहीर केले की, हे विधिमंडळ ३० जून १९९७ लाच संपेल. थेट गाडी रद्द. गाडी निघायच्या आधीच प्रवाशांना कळले की, आपल्याला मधल्या स्टेशनावर उतरायचे आहे. तरीही १७ सप्टेंबर १९९५ रोजी वीस थेट जागांसाठी नऊ लाख वीस हजारांवर लोकांनी मते टाकली. शंभर नोंदलेल्या मतदारांत छत्तीसजण. साठांपैकी एकोणीस जागा मार्टिन ली यांच्या पक्षाला मिळाल्या. चीनच्या बाजूच्या पक्षाचे प्रमुख त्सांग योक-सिंग पडले. हे गृहस्थही माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक, बरं का. दोन्ही बाजूंना गुरुजीच!

पडलेले त्सांग लवकरच परत आले, पण मतपेटीतून नाही. १९९६ च्या डिसेंबरात चीनने नेमलेल्या चारशे जणांच्या समितीने साठ सभासदांचे हंगामी विधिमंडळ निवडले, आणि त्यात ते होते. इंग्रजी हद्दीत या मंडळाला बसता येईना, म्हणून ते हद्दीपलीकडे शेन्झेन गावी भरत असे. सहा महिने एका शहराची दोन विधिमंडळे होती. ३० जून १९९७ च्या रात्री पाऊस पडत होता. झेंडा उतरला, गव्हर्नर बोटीत बसले, आणि मध्यरात्रीनंतर मार्टिन ली आणि त्यांचे सहकारी विधिमंडळाच्या सज्जात उभे राहून खाली जमलेल्या लोकांशी बोलले. त्याच पहाटे हंगामी मंडळाने आपले पहिले कायदे हाँगकाँगात केले.

नवी निवडणूक २४ मे १९९८ ला झाली. वीस जागा थेट होत्याच, कारण तो आकडा लिहिलेला होता. धंदेवाईक जागा तीसच होत्या, तोही आकडा लिहिलेला. पण १९९५ साली त्या तीस जागांच्या यादीत अकरा लाखांहून अधिक मतदार होते, ते आता सुमारे १ लाख ३९ हजार झाले. कापड-कारखान्यातली बाई यादीतून गेली आणि संस्था परत आल्या. एकाही अंकाला धक्का लागला नाही.

त्या दिवशीही मुसळधार पाऊस होता. रस्त्यांवर पाणी साचले होते. तरी शंभरांतले त्रेपन्नजण बाहेर पडले आणि त्यांनी वीस थेट जागांसाठी मते टाकली.

पुढे थेट जागा हळूहळू वाढल्या. २००० ला चोवीस, २००४ ला तीस, २०१२ ला सत्तरांपैकी पस्तीस. मुख्याधिकारी लोकांनी कसा निवडायचा, यावरून २०१४ मध्ये एकोणऐंशी दिवस रस्ते अडवले गेले. २०१९ मध्ये तर शहर महिनोन्‌महिने पेटले होते. २०२० च्या जूनअखेर चीनने राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा लावला. मार्च २०२१ मध्ये निवडणुकीची रचना बदलली, आणि उमेदवार देशभक्त आहे की नाही हे आधी एक समिती तपासू लागली. विधिमंडळ नव्वदांचे झाले. चाळीस निवड-समितीचे, तीस धंद्यांचे, आणि थेट लोकांचे पुन्हा वीस. सेटो वाह तेव्हा हयात नव्हते, ते २०११ च्या जानेवारीत गेले. १९७३ सालापासून चाललेली त्यांची शिक्षक-संघटना, नव्वद हजारांवर सभासदांची, २०२१ च्या ऑगस्टमध्ये विसर्जनाचा निर्णय घेऊन मोकळी झाली. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत शंभरांतल्या तीसजणांनी मत दिले.